एकोणचाळीस मिनिटांचं इंग्रजी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी एका सहा मजली इमारतीतली दोन नंबरची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत एकच बाई होती. तिने दोन मिनिटं सगळी बटणं दाबून पाहिली आणि मग घंटेचं चित्र असलेलं पिवळं बटण दाबलं. फोन वाजला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्ट कंपनीच्या कंट्रोल रूममधल्या तीन नंबरच्या टेबलावर. तिथे मिस्त्री बसले होते. बाईने पहिलं वाक्य इंग्रजीत उच्चारलं आणि आपल्याला दुसरी कुठली भाषा चालणार नाही हेही इंग्रजीतच सांगितलं.

मिस्त्रींचं इंग्रजी त्या दिवशी अकरा आठवड्यांचं होतं.

त्याआधी सत्तावीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करत. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की यापुढे शिडी नाही. शिडीशिवाय लिफ्टचं काम होत नाही. कंपनीत बसून करायच्या जागा दोनच होत्या. एक सुट्या भागांच्या गोदामात, पण तिथले कप्पे छतापर्यंत गेलेले, म्हणजे पुन्हा शिडी आलीच. दुसरी कंट्रोल रूममध्ये, अडकलेल्या माणसाशी मेकॅनिक पोचेपर्यंत फोनवर बोलण्याची. तिथे दोन भाषा लागत. तीन महिने परीक्षेचे, आणि शेवटी त्या तीन महिन्यांतला सगळ्यात लांब इंग्रजी कॉल एक परीक्षक ऐकणार. शंभरांपैकी साठ गुण मिळाले तर टेबल कायम. नाही मिळाले तर घरी.

घरी बसण्याला मिस्त्रींपेक्षा त्यांच्या बायकोचा विरोध जास्त होता. ऑपरेशननंतरच्या विश्रांतीत त्यांनी घरातली प्रत्येक बिजागरी सोडवून पुन्हा बसवली होती. मिक्सरही उघडला होता.

"तो बिघडला नव्हता," बायको म्हणाली होती.

"आवाज करत होता."

"मिक्सर आहे तो. आवाज नाही करणार तर काय जप करणार?"

शेवटी तिने आपल्या थोरल्या बहिणीला बोलावलं. नात्याने मिस्त्रींची आकडसासू. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना ताई म्हणत आणि जरा दबकूनच असत.

"इंग्रजी अगदीच येत नाही का, मिस्त्री?"

"वाचता येतं. मॅन्युअल सगळी इंग्रजीतच असतात."

"आणि मॅन्युअल काय सांगतं?"

"बिघाड."

"म्हणजे इंग्रजीत तुम्हाला फक्त बिघाड येतो," ताई म्हणाल्या. "मग दुसरं काही बोलता येतं का ते बघू."

त्यांनी पुस्तक दिलं नाही. रोज संध्याकाळी दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं, आवाज रेकॉर्ड करून फोनवर पाठवायचा. विषय एकच, आज काय बरं झालं. लिहून वाचायचं नाही, तक्रार करायची नाही, काल सांगितलेलं आज सांगायचं नाही.

"आणि काही बरं झालंच नाही तर?"

"शोधा. सत्तावीस वर्षं बंद पडलेलं शोधलंत ना? आता चालू असलेलं शोधा."

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी नऊ सेकंदांचा निरोप पाठवला. त्याचा अर्थ होता, आज काहीही बिघडलं नाही. ताईंचं उत्तर लगेच आलं. "हे बरं झालेलं नाही. हे नुसतं वाईट न झालेलं आहे. पुन्हा पाठवा."

हे मिस्त्रींना खरोखर अवघड गेलं, आणि अडचण इंग्रजीची नव्हती. मेकॅनिक ज्या कागदावर रोजचं काम नोंदवतो त्यात बिघाडाचा रकाना असतो, कारणाचा असतो, बदललेल्या भागाचा असतो. जे नीट चाललंय त्याचा रकाना नसतो. तिथे एक तिरकी रेघ मारून खाली सही करतात. मिस्त्रींना दिवस तसाच दिसायचा. रेघ आणि सही.

दुसऱ्या आठवड्यात बसचा ड्रायव्हर त्यांच्यासाठी थांबला, ते त्यांनी सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने संत्र्याची साल न तोडता एकसलग काढली, ते सांगितलं. त्यात साल या शब्दाला ते अडले आणि संत्र्याचा कोट म्हणाले. ताईंनी ते तसंच राहू दिलं. एके दिवशी बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "रोज तिला काय काय सांगता? माझ्याबद्दल काही?"

"तुझ्याबद्दल काही नाही."

"अकरा-बारा दिवस झाले. माझ्याबद्दल एकही बरी गोष्ट नाही?"

दुसऱ्या दिवशीच्या निरोपात मिस्त्रींनी सांगितलं की इस्त्री करताना त्यांची बायको गुणगुणते आणि कोणी खोलीत आलं की थांबते, म्हणून ते बाहेर उभे राहतात. ताईंनी हे बहिणीला शब्दशः कळवलं. ती त्या संध्याकाळी मिस्त्रींशी एक अक्षर बोलली नाही. पुढच्या वेळी इस्त्री करताना दार उघडंच होतं, आणि गुणगुणणं थांबलं नाही.

सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत निरोप दोन मिनिटांचे भरू लागले. मिस्त्री दिवसभर गोष्टी वेचून ठेवू लागले, कारण संध्याकाळी रिकाम्या हाताने ताईंपुढे जायची सोय नव्हती. इंग्रजी किती सुधारलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. हल्ली जेवताना हे आपणहून बोलतात, एवढं बायकोने बहिणीला सांगितलं होतं.

मात्र कंट्रोल रूममध्ये दहा आठवड्यांत त्यांना इंग्रजी कॉल चारच आले होते. एकही तीन मिनिटांच्या वर गेला नव्हता. मंगळवारचा पाचवा.

टेबलावर प्रत्येकासमोर प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड असतं. त्यावर पाच वाक्यं. तुमचा कॉल मिळाला आहे. आमचे मेकॅनिक निघाले आहेत. कृपया शांत राहा आणि दार उघडू नका. बिघाडाचं कारण मेकॅनिक तपासून सांगतील. मी फोनवर आहे. कार्डाच्या मागच्या बाजूला काय करू नये ते लिहिलं आहे. वेळ सांगू नये, कारण सांगू नये, खाजगी बोलू नये.

पुढचं बोलणं रेकॉर्डिंगमध्ये आहे. दोन्ही बाजूंनी ते इंग्रजीत झालं.

नऊ सतरापर्यंत मिस्त्रींची पाचही वाक्यं संपली. बाईचा श्वास फोनवर ऐकू येत होता.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"कृपया शांत राहा आणि दार उघडू नका."

"हे तुम्ही आधी म्हणालात."

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने नंतर सांगितलं की मिस्त्रींनी त्या वेळी कार्ड उचलून कीबोर्डच्या पलीकडे ठेवलं.

"बाई, मी सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. ही तुमचीसुद्धा. मी तिला ओळखतो."

"ही पडेल का?"

"नाही. ब्रेक सोडायला वीज लागते. लावायला लागत नाही. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो. आत्ता लागलेला आहे."

"पुन्हा सांगा. हळू. माझं इंग्रजी शिकलेलं आहे."

"माझंपण."

"किती वर्षं झाली तुम्हाला?"

"अकरा आठवडे."

फोनवर पहिल्यांदा हसू ऐकू येतं. वेळ नऊ एकोणीस.

दुसऱ्या फोनवर मेकॅनिक होता. एकोणीस वर्षं मिस्त्रींबरोबर काम केलेला जोडीदार, ज्याला सगळे लंबू म्हणतात. तो पुलावर अडकला होता. "अर्धा तास धर रे," तो म्हणाला. मिस्त्रींनी बाईला तीस मिनिटं सांगितली. कार्डाच्या मागचा पहिला नियम मोडला.

मिस्त्रींकडे तेवढा वेळ भरायला एकच विषय होता.

"आज काय बरं झालं?" त्यांनी विचारलं.

"आज? मी लिफ्टमध्ये अडकले आहे."

"लिफ्टच्या आधी."

तिने विचार केला. मग म्हणाली की सकाळी आईचा फोन आला होता. आई नेहमी आधी जावयाची चौकशी करते, मग नातवंडांची, आणि मग फोन ठेवते. आज ती जावयाचं विचारायला विसरली. दहा मिनिटं फक्त लेकीशी लेकीबद्दल बोलली.

"हे फार चांगलं आहे," मिस्त्री म्हणाले. "आता माझी पाळी." आणि त्यांनी तिला इस्त्रीची गोष्ट सांगितली.

बाई पडदे शिवायचं काम करायची. साडेनऊला पाचव्या मजल्यावरच्या कार्यालयात खिडक्यांची मापं घ्यायला तिला बोलावलं होतं. बोलता बोलता तिने पिशवीतली टेप काढली आणि लिफ्ट मोजायला घेतली.

"रुंदी एकशे दहा. खोली एकशे चाळीस."

"एकशे अडतीस," मिस्त्री म्हणाले.

"मी आत उभी आहे. तुम्ही तिथे आहात."

"टेप ढिली धरली आहे तुम्ही. आरशाला नीट टेकवा."

थोडा वेळ खुडबुड ऐकू येते. "एकशे अडतीस," ती म्हणते. "माझ्या गिऱ्हाइकांना हे सांगू नका."

नऊ एकेचाळीसला तिने विचारलं, "ही का थांबली?"

बिघाडाचा क्रमांक मिस्त्रींच्या स्क्रीनवर सुरुवातीपासूनच होता. क्रमांक नसता तरी त्यांना कारण कळलं असतं.

"चौथ्या मजल्याच्या दाराला कुलूप असतं. त्या कुलपात एक छोटी पट्टी आहे, ती झिजली. दार बंद आहे, पण लिफ्टला ते उघडं वाटतं. म्हणून ती थांबली. चांगली लिफ्ट अशा वेळी थांबतेच."

"पट्टी झिजली आहे हे कोणाला माहीत होतं?"

"मला. मागच्या वर्षी मी कागदावर लिहिलं होतं, बदला म्हणून. मग माझा गुडघा गेला. मी पुन्हा आलो नाही. ती बदलली नाही."

"अच्छा."

"धोका नाही. पण मला वाईट वाटतं."

"नाही, नाही," बाई म्हणाली. "आता बरं वाटतं. मला वाटत होतं, हिला काय झालंय ते कोणालाच माहीत नाही."

नऊ त्रेपन्नला लंबूने मशीन रूममधून ब्रेक हाताने सोडून लिफ्ट चौथ्या मजल्यावर आणली. ब्रेक सुटताना मोठा आवाज होईल हे मिस्त्रींनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. दार उघडलं. बाईने फोनवर आभार मानले आणि उरलेला मजला जिन्याने चढून मापं घ्यायला गेली.

शेजारच्या टेबलावरचा माणूस मिस्त्रींकडे बघत होता. "एवढं काय बोलत होतात?"

"असंच. मापं वगैरे."

त्या संध्याकाळचा निरोप तीन मिनिटं पन्नास सेकंदांचा होता. ताईंनी उत्तर पाठवलं की यात चौदा चुका आहेत आणि त्या उद्या सांगेन, आज नाही. बायकोने जेवताना विचारलं, "एवढं कसलं बरं वाटलं त्यात?"

"इतकी वर्षं मी दार उघडायचो आणि माणसं निघून जायची," ते म्हणाले. "त्यांची काही चूक नाही, सुटल्यावर कोण थांबतं? पण बोलणं असं कधी झालंच नव्हतं."

बुधवारी सकाळी इमारतीच्या व्यवस्थापकाचं पत्र आलं. बाईने पाचव्या मजल्यावर उशिराचं कारण सांगताना, कौतुकानेच, फोनवरच्या माणसाने सगळं कसं समजावलं ते सांगितलं होतं. ते फिरत फिरत व्यवस्थापकापर्यंत गेलं. पत्रात एकच प्रश्न होता. बिघाड वर्षभरापूर्वी माहीत होता, तर भाग बदलला का नाही? कंपनीने जुनी फाइल काढली. मिस्त्रींचा कागद तिथे होता, त्यांच्या सहीचा. त्याच्या समासात दुसऱ्या कोणाच्या अक्षरात लिहिलं होतं, पुढच्या खेपेला बघू. ते अक्षर कोणाचं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

अकरा वाजता कंट्रोल रूमच्या प्रमुख मॅडमनी मिस्त्रींना आत बोलावलं.

"मिस्त्री, कार्डावर किती वाक्यं आहेत?"

"पाच."

"तुम्ही किती म्हणालात?"

"पाचही. तीन मिनिटांत संपली."

"आणि मग?"

"मग छत्तीस मिनिटं उरली, मॅडम."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "तीन महिन्यांपूर्वी हा कॉल आला असता तर तुम्ही कार्ड वाचत बसला असता आणि कोणाचं काही अडलं नसतं."

"तीन महिन्यांपूर्वी मला हे बोलताच आलं नसतं."

"तेच म्हणतेय मी." मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. वरून सूचना आली होती. मिस्त्रींनी लिहून द्यावं की त्यांचं इंग्रजी कच्चं आहे, त्यांना सर्वसाधारण लिफ्टबद्दल बोलायचं होतं, चुकीचा अर्थ गेला. एवढं मिळालं की व्यवस्थापकाला उत्तर देता येईल आणि विषय संपेल. मिस्त्रींवर कसलीही कारवाई होणार नाही.

"आणि टेबल?"

"इंग्रजी कच्चं आहे असं तुम्ही स्वतःच लिहून दिलंत, तर मी तुम्हाला इंग्रजीच्या टेबलावर कशी ठेवू?"

"आणि मी जे बोललो तेच मला म्हणायचं होतं, असं लिहिलं तर?"

"तर मग नियम माहीत असून मोडले, असं होईल. पत्रामुळे परीक्षकाने आताच ऐकलाय कॉल. भाषेचे गुण चांगले आहेत, माझ्या अपेक्षेपेक्षा खूप चांगले. नियमांचे गेले. सगळे मिळून अठ्ठावन्न."

"साठ लागतात."

"दोनच कमी आहेत, म्हणून मी दुसरा परीक्षक मागितलाय. पण तुमचा कागदही त्याच्यापुढे जाणार. विचार करून लिहा. उद्या दिलात तरी चालेल."

संध्याकाळी ताई चौदा चुका सांगायला आल्या, तेव्हा बायकोने त्यांना दारातच सगळं सांगितलं. ताईंनी रेकॉर्डिंग ऐकलेलं नव्हतं. मिस्त्रींनी त्या वेळची वाक्यं आठवून म्हणून दाखवली.

"चुका आहेत," ताई म्हणाल्या. "अर्थ चुकीचा जाईल अशी एकही नाही."

"म्हणजे त्यांनी लिहून द्यायचं नाही?" बायकोने विचारलं.

"मी इंग्रजीचं बोलतेय. नोकरीचं तुम्ही दोघं बघा."

"तू कायम अशीच. अर्ध्या वाटेवर सोडून देतेस."

"मग तू सांग."

बायकोने टेबलावरचा कोरा कागद मिस्त्रींपुढे सरकवला. "घरी बसलात तरी चालेल," ती मिस्त्रींना म्हणाली. "मिक्सरला हात लावायचा नाही फक्त."

त्या दिवशी मिस्त्रींनी निरोप पाठवला नाही. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. ताई समोरच बसल्या होत्या, त्यांनी मागितलाही नाही.

गुरुवारी सकाळी आठ पन्नासला मिस्त्रींनी कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. अर्धं पान, इंग्रजीत, हाताने लिहिलेलं. ताईंना त्यांनी ते दाखवलं नव्हतं, म्हणून चुका तशाच होत्या. मजकूर असा होता की मी जे बोललो ते मला म्हणायचं होतं. पट्टीचं खरं आहे. वेळ सांगितली आणि कारण सांगितलं हे नियमाबाहेर होतं, ते मला माहीत होतं. बाईने विचारलं की लिफ्ट पडेल का, आणि मी सांगितल्यावर पुन्हा विचारलं नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे, पण या कॉलमध्ये ते पुरलं.

मॅडमनी तो कागद उभ्यानेच वाचला. "इंग्रजीत का लिहिलंत? आपल्या भाषेत चाललं असतं."

"इंग्रजीबद्दलच लिहायचं होतं ना," मिस्त्री म्हणाले आणि टेबलावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांना सहा कॉल आले, त्यात इंग्रजी एकही नव्हता.

शुक्रवारी अकरा वीसला लंबूने चौथ्या मजल्याच्या दाराची पट्टी बदलली. व्यवस्थापकाच्या पत्राला कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही. संध्याकाळी पाच वाजता पुढच्या आठवड्याची ड्यूटीची यादी भिंतीवर लागली. त्यात तीन नंबरच्या टेबलासमोर सकाळच्या पाळीचा चौकोन कोरा आहे. सहा वाजेपर्यंत दुसऱ्या परीक्षकाचा कागद आलेला नव्हता.